कांद्याच्या डॉक्टरकीला भावकीची हरकत

पुंजाबा विधाते पेपर वाचायचे तो मागच्या पानापासून. पहिल्या पानावर दिल्ली, दुसऱ्यावर मुंबई, आणि आपल्या उपयोगाचं जे असतं ते शेवटच्या पानावर, असा त्यांचा आजवरचा अनुभव. त्या पानावर कांद्याचे भाव असत आणि भावांच्या खाली जाहीर नोटिसा: अमक्या गटातला तमका हिस्सा फलाणा विकत घेतो आहे, कुणाची हरकत असल्यास पुराव्यानिशी हजर व्हावे, मागाहून तक्रार चालणार नाही. भाव वाचून पुंजाबा हळहळत आणि नोटिसा वाचून सावध होत. अख्ख्या निफाड तालुक्यात कुणाची जमीन कुणाकडे चालली आहे, हे तलाठ्याच्या आधी त्यांना कळे.

त्या दिवशी वरची नोटीस चांदवडकडच्या एका विहिरीची होती, खालची ओझरच्या एका घराची, आणि दोघींच्या मधोमध त्यांच्या पोराचं नाव होतं. श्री. वाल्मीक पुंजाजी विधाते यांच्या पीएच.डी. प्रबंधाची खुली मौखिक परीक्षा येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता नाशिक येथे इंजिनिअरिंग कॉलेजच्या सभागृहात होईल. इच्छुकांनी उपस्थित राहावे. उपस्थितांना उमेदवारास प्रश्न विचारता येतील.

पुंजाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला. नाव तेच होतं.

"कुसे," त्यांनी चुलीकडे बघून हाक मारली, "पोराची नोटीस निघाली."

"कशाची नोटीस?" कुसाबाईंनी तवा उतरवला.

"डॉक्टरकीची. ज्याला काय विचारायचं आसंल त्यानं या म्हणत्यात. म्हंजी हरकती मागवल्यात."

"कोण घेतंय हरकत? त्यानं काय कुणाचं घर लिहून घेतलंय का?"

 पुंजाबांनी बांधापलीकडं पाहिलं. कुसाबाईंनीही तिकडंच पाहिलं. बांधापलीकडं गोरक्षचं घर होतं, आणि दोन्ही घरांच्या मधे, अर्धी याची अर्धी त्याची, एकाच छपराखाली कांदा साठवायची चाळ उभी होती.

ही डॉक्टरकी पहिल्यांदा घरात आली तेव्हाच पुंजाबांनी ओळखलं होतं, की हे सोयरिकीसारखं प्रकरण आहे. आधी पोराची पात्रता बघतात. एम.ई. पाहिजे, तेही वरच्या वर्गात. ते वाल्मीककडं होतं, त्याच्याच जोरावर तो नाशिकच्या तंत्रनिकेतनात शिकवत होता. मग स्थळ बघायचं, म्हणजे गाईड. गाईडला एका वेळी ठरावीकच पोरं घेता येतात आणि दारात तर रांग लागलेली. गायधनी सरांकडं एक जागा मोकळी झाली, कारण तिथला पोरगा सगळं अर्ध्यावर टाकून अमेरिकेला गेला. "म्हंजी मोडलेलं स्थळ," पुंजाबा म्हणाले, पण अडलेल्या माणसानं जास्त चौकशा करू नयेत म्हणून गप्प राहिले. पुढं मुलाखत झाली. पुढं नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत पत्र आणावं लागलं. मग विषय. वाल्मीकनं साध्या भाषेत लिहून दिलं, कांद्याच्या चाळीतली हवा. कमिटी म्हणाली, यात इंजिनिअरिंग कुठं आहे? मग गायधनी सरांनी त्याचं असं काही इंग्रजी केलं, की सच्छिद्र ढिगातून हवेचं वहन काय, उष्णतेचं संक्रमण काय, कांदा औषधालाही उरला नाही. विषय तात्काळ मंजूर झाला.

त्यानंतर जर्मन. एक परकी भाषा आलीच पाहिजे असा नियम होता.

"का बा?" पुंजाबांनी विचारलं. "कांदा जर्मनीला चाललाय का?"

वाल्मीक पहिल्या खेपेला नापास झाला. दुसऱ्या खेपेसाठी त्याची बायको सिंधू रोज रात्री भाकरी थापता थापता त्याचा पाठ घेऊ लागली. तो पास झाला तोवर तिलाच इतकं येत होतं, की नाशिकच्या भाजीबाजारात ती मेथीच्या जुड्या आइन्स, त्स्वाय, द्राय अशा मोजून घेई आणि भाजीवाली गोंधळून एखादी जुडी वर टाकी.

आणि प्रयोग. दर शनिवारी वाल्मीक एस.टी.नं गावी येई, चाळीत शिरे, कांद्यांच्या ढिगात काचेच्या नळ्या खोचून ठेवी आणि वहीत आकडे लिही. कुसाबाई दारात उभ्या राहून बघत. पोर शिकून मोठं झालं आणि कांद्याला ताप आलाय का ते बघत बसलं, याचं त्यांना हसू येई. पहाटे दळताना त्यांनी त्यावर ओवी रचली होती:

*कांद्याच्या काखंमंदी*
*वाल्मीक माझा लावी काच,*
*ताप कांद्याला, बाई,*
*सुनेच्या झोपेला रोज जाच.*

सहामाही अहवाल झाले, दोन लेख छापून आले, सारांश झाला, काळ्या पुठ्ठ्याच्या सोनेरी अक्षरांच्या पाच प्रती बांधून झाल्या. दोन परीक्षक नेमले गेले, त्यातला एक राज्याबाहेरचा पाहिजे म्हणून पार मद्रासकडचा. या सगळ्याला मुदत होती, ती एकदा वाढवून घेऊनही संपत आलेली. गुरुवारी परीक्षक नुसतं म्हणाले, की परत लिहून आणा, तरी नोंदणी रद्द होणार आणि सहा वर्षं वाहून जाणार. हे सिंधूनं सासऱ्यांना नीट समजावून सांगितलं होतं. वाल्मीकनं मात्र सांगितलं होतं ते एवढंच, की आबा, तुम्ही कशाला तिथवर येता, सगळं इंग्रजीत असतं, कंटाळाल.

आता नोटीस वाचल्यावर पुंजाबांना त्याचा अर्थ लागला. पोरगं घाबरलंय. त्याला ठाऊक आहे, गोरक्ष येणार.

गोरक्ष पुंजाबांचा चुलतभाऊ. लहानपणी दोघं एका ताटात जेवलेले, एका म्हशीवर बसलेले. चाळ दोघांनी मिळून बांधली तेव्हाही एकमेकांना वासे उचलून दिले होते. पण पहिल्याच पावसाळ्यात गोरक्षच्या निम्म्यातला कांदा सडला आणि पुंजाबांच्या निम्म्यातला खडखडीत राहिला. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी तेच. एकच छप्पर, एकाच वाणाचं बी, आणि निकाल असा. गोरक्ष गावात बोलला, की दादानं काहीतरी केलंय. दादानं त्यावर पारावर बसून उत्तर दिलं, की कांदा मालकाची नियत ओळखतो.

हे वाक्य गावाला फार आवडलं. पुंजाबांना स्वतःलाही आवडलं. इतकं, की हळूहळू त्यांनी ते लग्नात, मर्तिकात, ग्रामपंचायतीत, जिथं जागा मिळेल तिथं वापरायला सुरुवात केली. दर श्रावणात ते आपला ठणठणीत कांदा हातात धरून लोकांना दाखवत, जसं एखादा शाळेचं प्रमाणपत्र दाखवतो. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. चाळ तेवढी एक राहिली होती, कारण छप्पर मधोमध कापता येत नव्हतं.

बुधवारी सकाळी पुंजाबा बांध ओलांडून गेले. गोरक्ष ओट्यावर बसून दोराला पीळ घालत होता. त्यानं वर पाहिलं आणि पीळ घालत राहिला.

"बस म्हनायची पद्धत हाय का नाय तुमच्यात?" पुंजाबा म्हणाले.

"बसणाऱ्याला कुनी धरलंय?"

पुंजाबा ओट्याच्या कडेवर टेकले. "पोराची उद्या सुनावनी हाय."

"का? कुनाला मारलं का काय?"

"डॉक्टरकीची. पेपरात नोटीस आली. तू वाचलीच आसशील."

गोरक्षच्या घरी पेपर येत नव्हता. "वाचली की," तो म्हणाला.

"मंग तुझं काय म्हननं हाय?"

गोरक्षचे हात थांबले. इतक्या वर्षांत भावकीतल्या कुणी त्याला, तुझं काय म्हणणं आहे, असं विचारलं नव्हतं. आणि विचारायला आला होता तो पुंजादादा, स्वतःच्या पायानं. काय घडतंय ते त्याला नीट कळलं नाही, पण आपल्या हातात काहीतरी मोठं आलं आहे एवढं कळलं. त्यानं दोर बाजूला ठेवला.

"म्हननं हितं सांगू का तिथं सांगू?"

"गोरक्षा, माझ्यावर राग हाय तर माझ्यावर काढ. पोराचं वाटोळं करू नको. तुझ्या कडंवर वाढलंय ते."

"कडंवर वाढलं म्हनून तर माझ्या कांद्यात नळ्या खुपसू दिल्या. तू नाय विचारलं मला. त्यानं विचारलं, तात्या, खुपसू का? म्या म्हनलं खुपस. फुकाट नाय म्हनलं म्या. मलाबी त्यातनं एक गोष्ट पाह्यजेल हाय."

"कोणती?"

"ती तिथंच मागीन." गोरक्षनं दोर पुन्हा हातात घेतला. थोड्या वेळानं, दादा अजून उठत नाही असं बघून, त्यानं विचारलं, "यष्टी कितीची हाय?"

गुरुवारी सकाळच्या एस.टी.त पुढच्या बाकावर पुंजाबा आणि कुसाबाई, मागच्या बाकावर एकटा गोरक्ष, इस्त्रीची टोपी घालून. पुंजाबांच्या पिशवीत जमिनीचा सातबारा होता, चाळीचा करार होता, आणि पुरावा म्हणून चांगले निवडक चार कांदे होते.

सभागृहात वीस-पंचवीस माणसं होती. पुढं टेबलामागं तीन खुर्च्या: मधे अध्यक्ष, एका बाजूला गायधनी सर, दुसऱ्या बाजूला मद्रासकडचे रंगनाथन सर, कपाळावर गंध आणि नाकावर खाली सरकलेला चष्मा. वाल्मीक टाय बांधून उभा होता. दारातून त्याला आधी आई दिसली, मग वडील दिसले, मग त्यांच्यामागून गोरक्षतात्या दिसला. त्यानं ग्लास उचलून सगळं पाणी पिऊन टाकलं.

सिंधू सासूसासऱ्यांजवळ येऊन बसली. वाल्मीक बोलायला लागला. भिंतीवर उजेडाच्या चौकटीत आकृत्या येत होत्या, जात होत्या.

"कसं फाडफाड बोलतंय," कुसाबाई पुटपुटल्या. "शिंगरू गं माझं."

अर्धा तास बरा गेला. मग रंगनाथन सरांनी भिंतीवरची एक आकृती परत लावायला सांगितली. तिच्यात दोन रेघा होत्या. एक पावसाळाभर सरळ चाललेली, दुसरी जूनपासून डोंगर चढावा तशी वर वर गेलेली. खाली चाळीचा नकाशा होता आणि नकाशाच्या पश्चिमेला एक काळा चौकोन. रंगनाथन सर त्या चौकोनावर बोट ठेवून काहीतरी विचारत होते. वाल्मीक काहीतरी सांगत होता. ते परत तेच विचारत होते.

"काय म्हनतोय त्यो?" पुंजाबांनी सुनेला विचारलं.

"ते विचारतात, एका अर्ध्यात उष्णता एवढी का वाढते. आणि हा चौकोन कसला आहे."

"मंग ह्यो काय म्हनतो?"

"म्हणतायत, एक अडथळा आहे."

"कसला अडथळा?"

सिंधू पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. "तेच ते विचारतायत, आबा."

रंगनाथन सरांचा आवाज चढला नाही, उलट मऊ झाला, आणि ते जास्त वाईट होतं. सिंधू कुजबुजली, "ते म्हणतात, हा चौकोन जागेवर खरंच आहे, की आकडे जुळत नव्हते म्हणून कागदावर काढलाय? तसं असेल तर सगळं परत मोजावं लागेल." गायधनी सर रुमालानं मान पुसत होते. वाल्मीक एकदा परीक्षकांकडं बघत होता आणि एकदा वडिलांच्या बाकाकडं.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. नियमाप्रमाणे आता सभागृहाची पाळी होती. त्यांनी आधी इंग्रजीत आणि मग मराठीत विचारलं, की उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचं आहे का. हे ते दर वेळी विचारत आणि आजवर कुणी काही विचारलेलं नव्हतं.

गोरक्ष उभा राहिला.

पुंजाबांनी त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं. "खाली बस."

"सोड दादा. त्यांनी नोटीस दिलीया." त्यानं टोपी सारखी केली आणि हात जोडले. "रामराम मंडळी. मी गोरक्ष विधाते. त्या चाळीतला निम्मा कांदा माझा हाय. माझं एवढंच विचारनं हाय, की एका छपराखाली माझाच कांदा का सडतो? सहा वर्सं ह्या पोरानं नळ्या खुपसल्या. त्याला कळलं आसंल तर त्यानं सांगावं. नसंल कळलं तर मंग डॉक्टर कशाचा?"

गायधनी सरांनी इंग्रजी केलं. रंगनाथन सर खुर्चीत पुढं सरकले आणि गोरक्षकडं बोट करून म्हणाले, की माझाही हाच प्रश्न आहे.

पुंजाबांना दिसलं, की पोराला दोन्हीकडून घेरलंय. मद्रासवाला आणि भावकी एक झाली. ते पिशवी घेऊन उठले.

"सायब, आधी माझं ऐका. मी उमेदवाराचा बाप." त्यांनी कांदे काढून टेबलावर एका ओळीत मांडले. "ह्यात पोराचा काय दोष नाय. कांदा मालकाची नियत ओळखतो. ज्याचं मन साफ त्याचा कांदा टिकतो, ज्याच्या मनात आढी त्याचा सडतो. अख्ख्या गावाला इचारा."

मागची कॉलेजची पोरं हसली. रंगनाथन सर हसले नाहीत; त्यांनी भाषांतर मागितलं. गायधनी सरांनी दीर्घ श्वास घेऊन इंग्रजीत सांगितलं, की उमेदवाराच्या वडिलांचं प्रतिपादन असं, की कांद्याची टिकाऊ क्षमता मालकाच्या चारित्र्याच्या प्रमाणात असते. रंगनाथन सरांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं. मग चष्म्यावरून वाल्मीककडं पाहत विचारलं, की उमेदवाराला हे मान्य आहे का.



"नाही," वाल्मीक म्हणाला. आधी इंग्रजीत म्हणाला. मग टाय जरा सैल करून वडिलांकडं वळला. "आबा, तो चौकोन म्हणजे आपला गोठा."

"कंचा गोठा?"

"आपलाच. चाळ बांधली त्याच उन्हाळ्यात तुम्ही पश्चिमेला बांधला तो. कांदा आपल्यासारखाच श्वास घेतो आबा, त्याला ऊब सुटते, ओल सुटते. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा आरपार गेला तर ती घेऊन जातो. आपल्या निम्म्यातनं जातो. तात्यांच्या निम्म्यापुढं गोठ्याची भिंत आहे. वारा भिंतीला अडतो, वरून निघून जातो, आणि तात्यांचा कांदा जागच्या जागी घामेजून सडतो. दुसऱ्याच वर्षी कळलं होतं मला."

"मंग बोलला का नाय?"

वाल्मीकनं खाली पाहिलं. "तुम्ही दर श्रावणात कांदा दाखवत होता लोकांना."

पुंजाबा उभेच होते. समोर त्यांचे चार कांदे होते, लालसर, गोल, एकाचंही कवच उललेलं नव्हतं. कसे आईच्या मांडीवर वाढलेल्या पोरांसारखे तेजाळ दिसत होते, आणि त्यांच्या तेजात आपला काही वाटा नव्हता, वाऱ्याचा होता, हे त्यांना कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं.

रंगनाथन सर बोलले. गायधनी सरांनी मराठी केलं, या वेळी फार हळू: "विधातेबाबा, सर विचारतात, असा गोठा तिथं खरोखर आहे का? तुम्ही जागेचे मालक. तुमचं सांगणं ते पुरावा म्हणून धरतील."

पुंजाबांना काय म्हणायचं ते लगेच सुचलं होतं. म्हणायचं, की गोठा आहे, पण लांब आहे. म्हणायचं, की तो नंतर बांधला. दोन्ही म्हणणी गावात टिकली असती. त्यांनी पोराकडं पाहिलं. पोराच्या कपाळावर घाम होता आणि ते जर्मनला नापास झालं होतं तेव्हासारखं ओठ चावत होतं. त्यांनी कुसाबाईंकडं पाहिलं. कुसाबाई छताकडं बघत होत्या.

"हाय," पुंजाबा म्हणाले. "गोठा हाय. म्याच बांधलाय."

"केव्हा?"

"चाळीच्याच साली. दगडात बांधलाय, पुरुषभर वर." ते थांबले. मग गोरक्षकडं न बघता म्हणाले, "बांधताना वाऱ्याचं काय ध्यानात आलं नाय."

रंगनाथन सर खुर्चीला रेलले. त्यांनी वाल्मीकला एवढंच सांगितलं, की चौकोनाच्या खाली गोठा असा शब्द लिही, संशोधनात लाजायचं नसतं. मग तिघांनी आत जाऊन दार लावलं. बाहेर आले तेव्हा अध्यक्षांच्या हातात कागद होता. वाल्मीक पुंजाजी विधाते यांना पीएच.डी. देण्यात यावी अशी शिफारस करण्यात येत आहे, हे त्यांनी वाचलं, आणि सिंधू तोंडातल्या तोंडात जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली.

लोक वाल्मीकचे हात हलवत होते. कुसाबाईंनी त्याच्या गालावरून बोटं फिरवून आपल्या कानशिलांवर मोडली. पुंजाबा मात्र व्हरांड्यात जाऊन कठड्याला टेकून उभे राहिले. जरा वेळानं गोरक्ष येऊन शेजारी उभा राहिला.

"मंग?" गोरक्ष म्हणाला.

"मंग काय."

"पाडतो का गोठा?"

"पाडतो? आन् गाया काय तुझ्या माजघरात बांधू?"

"बांध की. तुझ्यापेक्षा कमी वरडत्यात."

"गोठा नाय पाडायचा मी. दगडी काम हाय. चाळ सरकव."

"चाळ सरकव म्हनं. ती काय खाट हाय का?"

"निम्मी तर हाय तुझी. दोन वासे काढले की सरकती."

"दादा, तुला बांधकामातलं काडीचं कळत नाय, हे आता तीन सायबांनी कागदावर लिहून दिलंय."

"त्यांनी पोराला लिहून दिलंय, मला नाय. भिंतीला खिडक्या पाडू. चार खिडक्या."

"आठ."

"आठ खिडक्या पाडल्यावर भिंत म्हनायची का तिला? चार."

"गायीस्नी काय वारा नको का? आठ म्हंजी आठ."

सिंधू सगळ्यांसाठी चहा सांगून आली तेव्हा दोघं जिना उतरून पार फाटकापर्यंत गेले होते. गोरक्ष हातांनी खिडकीचा आकार दाखवत होता आणि पुंजाबा तो आकार हातानं दाबून लहान करत होते. वाल्मीकनं व्हरांड्यातून हाक मारली, "आबा, तात्या, चहा येतोय," पण दोघांनाही ऐकू गेलं नाही. टेबलावरचे कांदे तेवढे गायधनी सरांनी आपल्या पिशवीत टाकले.